हाताखालचं दुखणं

१७ नोव्हेंबर

आज तपासणीच्या खोलीला पडदा लागला. सरकारी पडद्याची वाट बघून कंटाळले, शेवटी वच्छला सिस्टरांनीच सोनाळ्याच्या बाजारातून कापड आणून टीप मारली. टेबलही भिंतीकडे वळवलं, म्हणजे दार उघडलं तरी बाहेरच्या बाकावरून आतल्या बाईचे पाय दिसत नाहीत. एवढ्यानंच आज तीन बायका आत तपासून घ्यायला तयार झाल्या.

या आरोग्य केंद्रात मी सप्टेंबरपासून आहे. ओटीपोट दुखतं, अंगावरून पांढरं जातं, कंबर भरून येते असं सांगणाऱ्या बायका रोज येतात. माझ्याकडे न बघता सांगतात आणि लगेच उठतात. "गोळी द्या ना मॅडम, ऑटो जाऊन राह्यला." तपासायचं म्हटलं की नजर दाराकडे.

आजच्या तिघींतली करिष्मा सव्वीस वर्षांची. एक मुलगी, एक मुलगा. कापूस वेचायला वाकता येत नाही म्हणून सासू, मनकर्णाबाई, तिला घेऊन आली. बोलली सगळं सासूच. "तालुक्याले दाखवलं. पिशवीले सूज हाय म्हणे, काढून टाका. पुढच्या महिन्यात काढतो. तवरोक दुखू नाही अशी सुई द्या."

करिष्माला ताप होता. आधी लघवी तपासली, नळीत गर्भ राहिला नाही ना ते पाहायला. मग आत बोटांनी गर्भाशयाचं तोंड जरासं हलवलं आणि ती टेबलाची कड धरून अर्धी उठून बसली. दोन्ही बाजूंना तसंच.

मी बाहेर येऊन सांगितलं, पिशवी काढायचं काही कारण नाही. आतल्या नळ्यांना जंतूंमुळे सूज आली आहे, इंजेक्शन आणि दोन आठवडे गोळ्या घेतल्या की बरं होईल. सांगताना माझा आवाज ठाम होता. आता लिहिताना तसा नाही. याची अशी एकच एक तपासणी नसते की कागद पुढे करावा आणि म्हणावं, हे बघा. सोनोग्राफी साफ आली तरी आजार असतो. हाताखाली दुखतं, एवढाच पुरावा. पुस्तकात लिहिलंय, शंका आली की औषध सुरू करा, थांबलात तर नळ्या चिकटतात. पुस्तकाला काय जातं! अपेंडिक्स निघालं तर ही मनकर्णाबाई माझ्या दारात उभी राहील.

माझीही उजवी बाजू दोन दिवस ठणकतेय. इथलं पाणी खारं, मूतखडा होऊ घातला असणार. या पट्ट्यात कुणाला नाही होत!

विहंगला फोन केला. नवरा मीटिंगमध्ये होता.

१९ नोव्हेंबर

करिष्माच्या नवऱ्याला बोलावलं होतं. दीपक. घरची चार एकर, कापूस आणि तूर. मी नेहमीच्या सुरात सांगितलं की नवऱ्यानंही गोळ्या घ्यायच्या, नाहीतर आजार फिरून तिला येतो.

तो उभाच होता. "म्हंजे मी बाहेर तोंड मारतो, असं म्हणून राह्यल्या का तुमी?"

बाहेरच्या बाकावरच्या माना आत वळल्या. मी म्हटलं, तसंच असतं असं नाही, बाळंतपणानंतर, गर्भपातानंतरही जंतू आत जातात. पण औषध दोघांना. त्यानं ऐकलंच नाही. गोळ्या टेबलावर ठेवून गेला. करिष्मा त्याच्या मागे.

मला वाटलंच होतं. सगळे असेच. बायकोला दुखतं ते चालतं, स्वतःवर बोट आलं की चालत नाही.

विहंगला हे सांगितलं. मला वाटलं, तो माझी नक्कल करून हसेल. मी रागावले की माझ्या बोलण्यात वऱ्हाडी येते, त्याची तो पुण्याच्या मित्रांसमोर फार मजा करतो. पण हसला नाही. म्हणाला, "तू सगळ्यांच्याच नवऱ्यांना असं बोलावतेस?"

"हो. नियमच आहे."

"आणि काही त्रास नसेल त्यांना तरी?"

"तरी. पुरुषांना बहुतेक वेळा कळतच नाही."

मग म्हणाला, नेटवर्क जातंय. इथलं नेटवर्क म्हणजे खरंच.

२२ नोव्हेंबर

कशात लक्ष लागत नाही. ओपीडीत दोनदा चुकीचं नाव पुकारलं. संध्याकाळी क्वार्टरच्या आवारात फेऱ्या मारल्या, सातपुड्याकडे तोंड करून उभी राहिले, परत आत आले, परत बाहेर.

बारीक ताप आहे. पॅरासिटामॉल घेतली.

लग्नाला दीड वर्ष झालं. जुलैत पुण्याला होते तेव्हा विहंग हॉलमध्ये झोपायचा, रात्री परदेशातल्या लोकांशी काम असतं म्हणून. मला जाग येऊ नये एवढी काळजी घेतो. दिवाळीत चार दिवस बुलडाण्याला, बाबांकडे आला. आधी बाळाची घाई त्यालाच होती, आता म्हणतो, तुझी इथली नोकरी संपू दे, तोवर काळजी घेऊ. घेतोही. तो जवळ आला तेव्हा मला खूप आत दुखलं. बोलले नाही. चारच दिवस तर मिळतात, त्यात हे कुठे सांगत बसायचं.

उद्या पाण्याचा नवा कॅन मागवते.

२५ नोव्हेंबर

करिष्मा परत दाखवायला आली नाही. सिस्टर म्हणाल्या, तिनं गोळ्या सोडल्या, मळमळतं म्हणून. आणि ऑपरेशनची तारीख अलीकडे घेतलीय.

दुपारी सिस्टरांना घेऊन तिच्या शेतावर गेले. वेचणी चालू होती. करिष्मा बांधावर आडवी, पोटाशी ओढणीचा बोळा धरून. मनकर्णाबाई ओटीत कापूस घेऊन समोर आली. सरळ उभं राहता येत नाही तिला, कमरेतून पुढे झुकलेली. मी तिला साठीची समजत होते. सत्तेचाळीस वर्षांची आहे.

"काऊन आल्या इथवर?"

मी म्हटलं, "पिशवी काढू नका तिची. गरज नाही."

"माही काढली तवा मले कोनं इचारलं? तीस वर्साची होतो. मलेबी असंच दुखे. काढली, दुखनं गेलं."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर काय?"

"कंबर कधीपासून अशी आहे? अंगातून वाफा निघतात? झोप येते?"

 तिनं ओटीतला कापूस खाली अंथरलेल्या चवाळ्यावर ओतला. "थे वयाचं हाय," म्हणाली. "बाईचं वय लवकर होते."

तेव्हा डॉक्टरांनी पिशवीबरोबर बीजकोशही काढले असणार. तिशीतच वय झालं तिचं. मी हे तिला सांगितलं नाही. आता काय उपयोग?

करिष्माजवळ बसले. म्हटलं, गोळ्या रिकाम्या पोटी घेऊ नकोस, भाकरी खाऊन घे. तोंड कडू होईल, होऊ दे. तिनं मान हलवली. खरंच घेईल की मी जावं म्हणून हलवली, कळलं नाही. परत येताना गाडी प्रत्येक खड्ड्यात आदळली की माझ्या पोटात कळ जात होती. सिस्टर म्हणाल्या, तुम्ही फार फिकट दिसता. ऊन होतं, म्हटलं.

२९ नोव्हेंबर

आज सकाळी दार उघडायच्या आधीच दीपक बाहेर उभा. सोबत करिष्मा. त्यानं चपला बाहेर काढल्या, आत येऊन स्टुलावर बसला. बराच वेळ पंख्याकडे बघत होता.

"मायची पिशवी काढली तवा मी सहावीत होतो," म्हणाला. "त्याच्या पयले माय विहिरीतून पान्याचे दोन दोन गुंड आने. तुमी वावरात आल्या त्या दिवशी मी घरी गेलो तं माय मले म्हणे, डॉक्टरीण मले झोपेचं काऊन इचारत होती बे? मंग मीच सांगतलं तिले, मले मालूम हाय तू झोपत नाही थे."

मी केसपेपर पुढे ओढला.

"लगनाच्या आंधी मी दोन साल सुरतले होतो. काय इचारायचं थे मले इचारा, मी सांगतो. पन तिले एकटीले टेबलावर घेऊन नका इचारू. आन गोळ्या द्या. दोघाइले."

दोघांनी माझ्यासमोर पहिली गोळी घेतली. करिष्मा हसू दाबत होती, कारण त्यालाच लगेच उबळ आली. तो तालुक्याला फोन करून ऑपरेशन नको म्हणून कळवणार आहे.

मी त्याच्याबद्दल काय काय लिहिलं होतं! पण असे दीपक किती असतात? शंभरात एक.

४ डिसेंबर

करिष्माचा ताप गेला. चालत आली. तपासलं तर आता उठून बसत नाही, फक्त ओठ दाबते. माझ्या निदानावर माझा विश्वास आज पहिल्यांदा पक्का बसला. जेवावंसं वाटलं.

जाताना दारात थांबली. "मॅडम, राग नका धरू. तुमालेबी होते का?"

"काय?"

"तुमी खुर्चीवर एकाच आंगावर बसता. मी तशीच बसो."

मी जरा तोडूनच बोलले. मूतखडा आहे, म्हटलं. ती "हाव का" म्हणून गेली.

लघवीत रक्त नाही. जळजळ नाही. कळ पाठीत जात नाही. तरी मूतखडा नसतो असं नाही.

७ डिसेंबर. बुलडाणा

परवा लसीकरणाच्या सत्रात उठायला गेले आणि डोळ्यांपुढे अंधार. रुग्णवाहिकेतून इथं दवाखान्यात आणलं. इथल्या बायकांच्या वॉर्डच्या पुष्पांजली मॅडमच्या हाताखाली मी इंटर्नशिपमध्ये काम केलंय. त्यांनी विचारलं, कधीपासून? मी म्हटलं, मूतखडा आहे. त्या म्हणाल्या, "ते मी ठरवते. टेबलावर ये."

त्यांचा हात आत गेला आणि मला कळलं. सोनोग्राफीच्या आधी, रक्ताच्या आधी. मी टेबलाची कड धरली होती.

उजव्या बाजूला नळीशी पू धरला आहे. सलाईनमधून औषध चालू. उतरला नाही तर पोट उघडावं लागेल. पुढे मूल राहण्याबद्दल विचारलं तर मॅडम म्हणाल्या, "आत्ता कुणालाच सांगता यायचं नाही. डाव्या नळीला सूज आहे, पण ती वाचेल असं वाटतंय. महिनाभर आधी आली असतीस तर..." आणि थांबल्या. नंतर, रोजच्या सुरात, जसं मी म्हणते तसंच, "नवऱ्यालाही गोळ्या लागतील. सांगशील ना?"

हो म्हटलं.

असं कशामुळेही होतं. दीपकला मीच सांगितलं होतं.

८ डिसेंबर

बाबा सकाळ-संध्याकाळ डबा घेऊन येतात. आई गेल्यापासून स्वयंपाक तेच करतात. मी त्यांना मूतखडा सांगितलंय, म्हणून कुळथाचं कढण करून आणतात. लसूण घातलेलं, गरम. जिल्हा परिषदेत रमाकांत बडे बाबू म्हणून आयुष्य काढलं, ते कॉटच्या कडेला बसून कढणावर फुंकर घालतात. मी पिते. विहंगला कळवलं का विचारतात. कामात आहे, म्हणते.

अजून फोन केलेला नाही. करिष्माला दोन वाक्यांत जे सांगते ते मला जमत नाही. सकाळपासून चार वेळा नंबर काढला आणि ठेवून दिला. सलाईनचा स्टँड धरून वॉर्डभर फिरते, नर्स रागावते, झोपते, परत उठते.

१० डिसेंबर

केला.

म्हटलं, मला संसर्ग झालाय, आत, नळ्यांना. दवाखान्यात आहे. तुलाही औषध घ्यावं लागेल.

तो लगेच म्हणाला, "मी घेतलाय कोर्स."

मला आधी बरंच वाटलं. एवढं सोपं झालं म्हणून. मग विचारलं, कधी?

"ऑगस्टमध्ये."

खाली रस्त्यावर कुणीतरी रिक्षा मागे घेत होतं, तिचं ते भोंग्याचं गाणं वाजत होतं. ते संपल्यावर विचारलं.

"ऑगस्टमध्ये तुला माहीत होतं?"

"मधू, मला जळजळ होत होती, इथल्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या, बायकोलाही द्या म्हणाला. पण तुला काही त्रासच नव्हता. मला वाटलं, उगाच कशाला. आणि ते सगळं संपलंय, जुलैतच संपलं. दिवाळीत मी काळजी घेतली ना?"

काळजी. मी ते इथं लिहून ठेवलंय, माझ्याच अक्षरात.

मी म्हटलं, "ऑगस्टनंतर एकदाही काळजी न घेता झालं असेल, तर तुला कोर्स परत घ्यावा लागेल." माझा आवाज ओपीडीतला होता. फोन ठेवला तेव्हा रडू आलं नाही. ते संध्याकाळी आलं, वाटीतलं कढण बघून.

११ डिसेंबर

ताप नाही. मॅडम म्हणतात, पोट उघडावं लागणार नाही.

बाबांना सांगितलं. "बाबा, मूतखडा नाही हा. विहंगकडून आलेला आजार आहे."

त्यांनी थर्मासचं झाकण फिरवून घट्ट केलं, परत सैल केलं. "बेटा, मूतखड्याले कोणी बायकांच्या वॉर्डात ठेवते का? पहिल्याच दिवशी समजलं होतं मले."

"मग कढण का आणत होता रोज?"

"तू मूतखडा म्हणत होतीस तवरोक मूतखडाच." चष्मा पुसला. "काय करायचं ते तू ठरव. मी त्याले फोन करून शिव्या देऊ शकतो, द्यायच्या असल्या तर. घराची किल्ली तुह्याजवळ हायेच."

शिव्या नको म्हटलं. ते म्हणाले, बरं. मग जरा वेळानं, "एकच देतो." आम्ही दोघंही हसलो. पोट दुखलं हसताना.

२० डिसेंबर

परवा कामावर रुजू झाले. खुर्चीवर दोन्ही अंगांवर बसता येतं.

विहंग भेटायला येतो म्हणाला. घरी नको, क्वार्टरवर नको, म्हणून मी शेगाव स्टेशनवर गेले. गाडीतून उतरला, वाळलेला दिसला. बाकावर बसलो. तो बोलत होता. चूक झाली, एकटं वाटत होतं, तू तुझ्या अभ्यासात, ऑफिसातलीच होती, आता बोलणंही नाही. सगळं खरं असेल. मला त्यातलं काही ऐकू येत होतं, काही नाही.

मी विचारलं, "तिला सांगितलंस?"

"काय?"

"तुला जे झालं होतं ते."

"तिला का सांगू? संपलं म्हटलं ना."

"तिलाही नळ्या आहेत, विहंग."

त्याला वाटलं, मी टोमणा मारतेय. मी फोन लावायला सांगितलं. आत्ता, माझ्यासमोर. तो उठला, चहाच्या स्टॉलपर्यंत गेला, परत आला. शेवटी लावला. दोन-तीन शब्द बोलून घुटमळला, तसा मी फोन हातात घेतला.

"मी डॉक्टर मधुवंती. विहंगची बायको. फोन ठेवू नका, भांडायला केलेला नाही."

तिनं ठेवला नाही.

"ओटीपोटात दुखतं का तुमच्या?"

 एक मालगाडी धडधडत गेली, मी कान झाकून उभी राहिले. गेल्यावर आवाज आला, अगदी लहान. "दुखतं. सप्टेंबरपासून. दोन डॉक्टर झाले. लग्न झालंय का विचारतात, नाही म्हटलं की पुढचं विचारतच नाहीत. आता अपेंडिक्स असेल म्हणतात. गुरुवारी ऑपरेशन आहे."

मी एकेक विचारत गेले. ताप, पाळी, अंगावरून जाणं, कळ कुठे येते, एका बाजूला की दोन्ही. ती उत्तरं देत गेली. मध्येच रडली, मी थांबले, परत विचारलं. विहंग बॅग मांडीवर घेऊन खाली फरशीकडे बघत होता. अपेंडिक्स असूही शकेल, फोनवर मला ते ठरवता येणार नाही, असं मी तिला सांगितलं. पण आधी आतून तपासणी झाली पाहिजे. पुष्पांजली मॅडमची डॉक्टर मैत्रीण पुण्यात आहे, तिचा नंबर दिला, माझाही दिला. तिथं गेल्यावर काय म्हणायचं ते शब्दाला शब्द सांगितलं. लग्नाचं विचारलं तर म्हणा, त्याचा या दुखण्याशी संबंध नाही, मला तपासा.

फोन परत दिला. विहंग म्हणाला, "आणि आपलं?"

"तू आजपासून गोळ्या परत सुरू कर. आपलं मला अजून माहीत नाही."

खरंच माहीत नाही. राग आहे, तो जातो, परत येतो. त्याला पाणी पाहिजे का विचारावंसं वाटलं, तेही खरं. विचारलं नाही. त्याला परतीची गाडी होती, मी थांबले नाही.

परतताना वरवट बकालच्या पुढे त्या मुलीचा मेसेज आला. सोमवारची वेळ मिळाली म्हणून. खाली विचारलं होतं, सोबत कुणाला न्यावंच लागतं का, माझं इथं कुणी नाही.

गाडी इतकी हलत होती की अक्षरं जुळेनात. तीनदा खोडून लिहिलं: एकटी गेलीस तरी चालतं. तपासताना दुखलं तर मोठ्यानं सांग. त्यावरूनच कळतं.